माळ्यावरची ट्रंक: नारायण पेठेतले पाच दिवस

पहिला दिवस, शनिवार

"वाडा पाडायला घेतायत. माळ्यावर एक ट्रंक आहे, ती तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही. ये." एवढं बोलून मामांनी फोन ठेवला. जास्त बोललं की त्यांना दम लागतो.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. वय एक्याऐंशी, मुक्काम नारायण पेठ. एकतीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढून ते घरी आले, ते एक काळी पत्र्याची ट्रंक घेऊनच. मामीने ती त्याच आठवड्यात माळ्यावर टाकायला लावली, कारण तिच्यात बंदराबंदरांतून जमवलेली तंबाखूची सामग्री होती. मामी जाऊन सहा वर्षं झाली, तरी ट्रंक खाली आली नव्हती. ती मलाच कळेल असं त्यांना वाटलं, कारण मी निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत वाढलेला. आमच्याकडची तंबाखू बिडीची. (पुण्यात तिलाच विडी म्हणतात. मामा मला त्यावरून अजून टोकतात.) वखारीत बायका माल चाळायला बसल्या की असा खकाणा उडायचा, की शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच शिंका सुरू व्हायच्या.

सकाळी सहाची गाडी पकडली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हाच पुणे–बंगळूर रस्ता अडवला होता. पुढे गोळीबार झाला, माणसं गेली. मी तेव्हा नऊ वर्षांचा. गाडी गावाबाहेर पडली की अजूनही मान आपोआप खिडकीकडे वळते.

कोल्हापूरला शेजारी एक तरुण येऊन बसला. बूड टेकायच्या आत त्याने विचारलं, "काका, चुना हाय का?"

"सोडली बाबा."

"बरं केलं," म्हणाला आणि पुढच्या सीटवाल्याच्या खांद्याला बोट लावलं. त्याने मागे वळूनही न बघता डबी मागे केली. कराड येईपर्यंत दोघं एकमेकांच्या उसाचा हिशेब करत होते.

चार वर्षांपूर्वी माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. डॉक्टरांनी आरसा धरून दाखवला, त्या दिवशी सुटली. सोळाव्या वर्षापासून लावत होतो. तलफ म्हणाल तर सहा महिन्यांत गेली. पण अनोळखी माणसापुढे असा सहज हात करायची मोकळीक गेली, ती काही भरून निघाली नाही. पैसे मागता येत नाहीत, जेवण मागता येत नाही, तंबाखू मात्र मागता येते. माझ्या आजवरच्या निम्म्या ओळखी चुन्यावर झाल्यात.

दुपारी कात्रजचा बोगदा, मग स्वारगेट. वाड्यात आता दोनच बिऱ्हाडं उरलीत. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाडग्यासारख्या झाल्यात. मामांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र, रात्रभर घरघरतं.

संध्याकाळी ट्रंक उतरवली. झाकण उघडलं तर वास आला लवंगेचा. तंबाखूचा नव्हेच. कोपऱ्यात गंजलेला एक चपटा डबा होता, त्यात इंडोनेशियातल्या लवंगी सिगारेटी. ओढायच्या लायकीच्या राहिल्या नव्हत्या, पण वास तीस वर्षांनीही जिवंत.

"सेमारांग बंदर," मामा म्हणाले. "धक्क्यावर उतरलं की हवेलाच हा वास. याला तिकडे क्रेतेक म्हणतात. ओढताना लवंग तडतडते ना, तो आवाजच तिचं नाव झाला."

तिथून जवळच कुदुस गाव आहे. तिथल्या हाजी जमहारी नावाच्या गृहस्थाच्या छातीत दुखायचं. लवंगेचं तेल चोळून आराम पडला, तेव्हा त्याने लवंग कुटून तंबाखूतच मिसळली आणि तो धूर आत घ्यायला लागला. १८८०च्या आसपासची ही गोष्ट तिकडे पोरंटोरं सांगतात. कागदाच्या टोकाला गोड लेप असतो, ओढून झाल्यावर माणूस ओठ चाटत बसतो.

"म्हणजे मुळात हे छातीचं औषध," मी म्हटलं.

मामांनी यंत्राकडे बघितलं आणि हसले. हसल्याने खोकला आला. त्या दिवशीचं ट्रंकेचं काम तिथेच थांबलं.

दुसरा दिवस, रविवार

रविवार म्हणजे जुना बाजार. मामांना वस्तू विकायच्या नव्हत्या, पण त्यांची किंमत काय येते हे ऐकायची हौस होती. म्हणून काचेच्या बैठकीचा तुर्की हुक्का चादरीत गुंडाळून मंगळवार पेठेत घेऊन गेलो. जमिनीवर पसरलेल्या पान्यांच्या, ग्रामोफोनच्या कर्ण्यांच्या आणि कुणाच्या तरी लग्नातल्या ठोक्याच्या पातेल्यांच्या गर्दीतून वाट काढत एका म्हाताऱ्या विक्रेत्यापुढे ठेवला. त्याने काचेवर नख वाजवलं.

"नळी मूळची आहे का?"

"नाही. फाटली."

"मग चारशे. दिवा बसवून विकीन. हुक्का म्हणून आता कोण घेतो?"

त्याचंही बरोबरच. हुक्का पार्लरांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, त्याआधी कॅम्प आणि कोरेगाव पार्कात कॉलेजची पोरं स्ट्रॉबेरीच्या चवीचा धूर सोडत बसायची. मी चारशे नाकारले, परत चादरीत गुंडाळून निघालो, आणि रिक्षातून उतरताना चादरीची गाठ सुटून बैठकीला वरून खालपर्यंत तडा गेला. आता दिवाही बसणार नाही. मामा रागावले नाहीत, यानेच जास्त वाईट वाटलं.

जेवण झाल्यावर त्यांनी तडा गेलेला हुक्का पुढ्यात ठेवून मला इस्तंबूलची रीत शिकवली. नळी कधी हातातून हातात द्यायची नाही. आपलं झालं की ती टेबलावर ठेवायची, तोंडाला लावायचं टोक दुसऱ्याकडे रोखलेलं नको. समोरच्याने आपणहून उचलायची. हुक्क्यावरच्या निखाऱ्यावर सिगारेट पेटवणं म्हणजे गावंढळपणा, म्हातारे डोळे वटारतात. "आपल्याकडे विहिणीच्या पंगतीत तरी एवढं शास्त्र असतं का?" मामा म्हणाले.

याच शहरात १६३३ साली सुलतान चौथ्या मुरादने तंबाखू ओढणाऱ्याला देहदंड ठरवला होता. मोठी आग लागून गेली होती, कॉफीखान्यांत लोक जमून काहीबाही बोलत, ते त्याला नको होतं. तो वेष पालटून फिरायचा आणि ओढणारा सापडला की जागेवर निकाल लावायचा, असं सांगतात. मुराद गेला, हुक्का राहिला. चारशे वर्षं होत आली तरी कॉफीखान्यातली माणसं बोलतायतच. आता तुर्कस्तानात बंद जागेत ओढायला कायद्याने मनाई आहे, म्हणून ती अंगणात बसून बोलतात.

झोपताना मामांनी आणखी एक सांगितलं. जगभरचे खलाशी सुएझ कालव्याला गमतीने मार्लबरो कॅनॉल म्हणतात, कारण तिथून जाताना सिगारेटची कार्टनं वाटायची चाल पडून गेली. "बोटीवरच्या दुकानात सिगारेट बिनकराची मिळायची. खारं पाणी, डिझेल आणि सिगारेट, बोट या तिघांवर चालते," म्हणाले, आणि यंत्राची नळी नाकाला लावली.

तिसरा दिवस, सोमवार

सकाळी एकटाच बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. एका माणसाने गावोगाव हिंडून, लोकांच्या अडगळीतून हे सगळं उभं केलं आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. बायको म्हणते, माझं घर तसंच होईल. मी गेलो होतो धुराचा माग काढायला, पण अडकलो अडकित्त्यांपाशी. सुपारी कातरायच्या एवढ्याशा कामाला लोकांनी घोडे, पोपट, माणसं घडवलीत. तंबाखूपानाचं हेच आहे. पदार्थ दमडीचा, पण त्याच्या भांड्यावर माणूस जीव ओततो. मामांच्या ट्रंकेतही तंबाखू अशी चिमूटभरच निघाली, बाकी सगळ्या डब्या, नळ्या, पिशव्या.

तिथल्या बाकावर बसून डोक्यात एकच घोळत होतं, की तंबाखू इथे आमच्याच बाजूने शिरली. कोलंबसची माणसं १४९२ साली क्युबात उतरली, तिथल्या लोकांना पानांच्या गुंडाळ्या पेटवून ओढताना त्यांनी पाहिलं. पुढे पोर्तुगीजांनी ती दख्खनेत आणली. शब्दही त्यांचाच, बटाटा, अननस, पाव यांच्या पंगतीतला. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला वकिलीवर आला होता, त्याला इथे तंबाखू सापडली. विजापूर म्हणजे आमच्या अंगणातलंच. त्याने रत्नजडित हुक्का तयार करून घेतला आणि १६०४च्या सुमाराला आग्र्याला अकबरापुढे ठेवला. बादशहाने दोन झुरके घेतले. हकीम अडवायला लागला: आपल्या जुन्या ग्रंथांत हिचं नाव नाही, फिरंग्यांचं ऐकून कशी घ्यायची? भर दरबारात वाद रंगला. अकबराने सवय काही लावून घेतली नाही, पण सरदारांनी हौसेने घेतली आणि व्यापाऱ्यांनी दुकानं मांडली. तेरा वर्षांनी जहांगीरने बंदी घातली. इराणात शाह अब्बासनेही घातली होती, आणि जहांगीरचा तिथला वकील खान आलम तंबाखूविना घडीभर राहू शकत नव्हता. त्याला शहाने खास सवलत दिली. बंदी आणि सवलत जुळ्या बहिणी असाव्यात.

परतताना लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानाबाहेर थबकलो. आत एक बाई ठासून सांगत होत्या, "चॉकलेटी नको हो, तपकिरी दाखवा." आपण या रंगाला तपकिरीवरून नाव दिलं, आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. आईची आई तपकीर ओढायची. दुपारची पोथी वाचून झाली की चांदीची डबी उघडायची, अंगठा आणि तर्जनीत चिमूट धरून एका नाकपुडीला, मग दुसऱ्या, आणि मग छपराकडे बघत शिंकेची वाट. शिंक आली की चेहरा असा उजळायचा, जणू कुणी भेटायला आलंय. तिच्या लुगड्याच्या पदराचं एक टोक कायम त्याच रंगाचं असे. आम्ही पोरं तिच्या मांडीवर बसायचो ते त्या टोकाला नाक न लागेल अशा बेताने.

हीच तपकीर लंडनच्या पार्लमेंटात सरकारी खर्चाने मिळते. सभागृहात धूम्रपानाला १६९३ सालापासून मनाई, म्हणून हाउस ऑफ कॉमन्सच्या दारवानाकडे सभासदांसाठी तपकिरीची लाकडी डबी ठेवलेली असते. आजीला सांगितलं असतं तर तिने इंग्रजांबद्दल थोडं बरं मत केलं असतं. आणि या रंगाची दुसरी टोकाची गोष्ट ऑस्ट्रेलियाची. तिथे डिसेंबर २०१२पासून सिगारेटच्या पाकिटावर कंपनीचा रंग, चित्र, चिन्ह काहीच छापायचं नाही. सगळी पाकिटं एकाच मळकट, हिरवट तपकिरी रंगाची. लोकांना विचारून, सर्वांत किळसवाणा वाटणारा रंग निवडला. दुकानातल्या बाईंना हे सांगायचा मोह झाला, पण नारायण पेठेच्या एवढ्या जवळ अनोळखी बाईंना साडीच्या रंगाबद्दल काही सांगणं धाडसाचं.

संध्याकाळी वाड्यातल्या उरलेल्या बिऱ्हाडातल्या काकू ताक घेऊन आल्या. त्या भूतानची सहल करून आलेल्या, बारा वर्षांपूर्वी. त्या वेळी तिकडे तंबाखू विकायलाच बंदी होती, २००४पासून. जवळ ठेवायची तर हद्दीवर कर भरून पावती बाळगायची. २०११ साली एका तरुण भिक्खूला थोड्याशा तंबाखूपायी तीन वर्षांची शिक्षा झाली होती. "आमचे हे सहा दिवस पावती पाकिटात घेऊन फिरले, पासपोर्टापेक्षा जपून," काकू म्हणाल्या. "एकदा डोंगरात टॅक्सीवाल्याने हळूच विचारलं, साहेब एक मिळेल का. यांनी दोन दिल्या. मग त्याने आम्हाला आपल्या घरी नेऊन लोणी घातलेला चहा पाजला. बाकीच्या सहलीला नाही मिळाला." पुढे करोनाच्या काळात, हद्दीवरून चोरटा माल आणणाऱ्यांबरोबर रोगही येईल या धास्तीने, भूतानने विक्रीची बंदी उठवली.

चौथा दिवस, मंगळवार

मामांचा नातू अमेय हिंजवडीहून सुटी टाकून आला. ट्रंकेतल्या वस्तूंचे फोटो काढून यादी करायचं काम त्याचं. तो दोन वर्षं टोकियोत होता, म्हणून त्याने जपानी नळी आधी उचलली. तिला किसेरू म्हणतात. बांबूची सडपातळ दांडी, दोन्ही टोकांना धातू, आणि वाटी एवढीशी की त्यात वाटाणासुद्धा दाटीने बसेल. केसासारखी बारीक कातरलेली तंबाखू बोटांत गोळी करून भरायची, दोन-तीन झुरक्यांत संपते. मग राखपात्राच्या कडेवर टक्कन आपटून राख पाडायची आणि पुन्हा भरायची. मामा म्हणाले, योकोहामात एका म्हाताऱ्या दुकानदाराचं सगळं बोलणं त्या टकटकीवर चालायचं. वाक्य संपलं की टक्. सौदा नामंजूर असला की जरा जोरात.

अमेयचा जपान निराळा. त्याने खिशातून एक चपटी पाकिटासारखी पिशवी काढली, आतून चांदीसारखा कागद. खिशातलं राखपात्र. "तिकडे रस्त्यावर थोटूक टाकणं सोड, चालता चालता ओढायचीच नाही. चियोदा वॉर्डात २००२पासून दंड आहे."

"धुरामुळे?"

"जळतं टोक. हात खाली सोडून चालणाऱ्याची सिगारेट बरोबर लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येते."

गंमत अशी, की तोवर आत हॉटेलात बसून खुशाल ओढता यायची. बाहेर मनाई, आत मुभा! आपल्या अगदी उलट. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक जागी मनाई आली आणि सगळे उठून रस्त्यावर गेले. जपानमध्ये आतली बंदी आली ती थेट एप्रिल २०२०मध्ये, तीही छोट्या जुन्या खानावळी वगळून.

दुपारी त्याने मला फर्ग्युसन रस्त्याच्या एका गल्लीतल्या टपरीवर चहाला नेलं. कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा कायदा आहे, आणि महाराष्ट्रात २०२०पासून सुटी सिगारेटही विकायची नाही. ती टपरी कॉलेजपासून किती यार्डांवर होती ते मी मोजलं नाही. आमच्या वेळी पानाच्या ठेल्याच्या खांबाला काथ्याचा जळता दोर टांगलेला असायचा. त्याचं लाल टोक हळूहळू वर सरकायचं, आणि सगळ्या गावाची सिगारेट त्याच एका विस्तवावर पेटायची. आता तिथे सुतळीने बांधलेला लायटर. चार पोरं चहाचा ग्लास एका हातात धरून एकाच सिगारेटवर होती, एकाने दोन झुरके घेऊन पुढच्याला दिली. तुर्की म्हातारे बघते तर काय म्हणाले असते कोण जाणे. अमेयने मात्र पेटवली नाही. गाडीत बसल्यावर पेनासारखं काहीतरी काढून आंब्याच्या वासाची वाफ सोडली. ई-सिगारेट, देशात २०१९पासून बंदी असलेली वस्तू. कुठून येते हे मी विचारलं नाही, त्याने आजोबांना सांगू नकोस म्हटलं.

रात्री यादी पुढे सरकली. शांघायचं पाकीट निघालं, लाल. मामा सांगायला लागले. चीनमध्ये चारचौघांत पाकीट काढून स्वतः एकट्यानेच पेटवणं म्हणजे असभ्यपणा. आधी सगळ्यांना वाटायची. टेबलाच्या पलीकडे बसलेल्याला अलगद फेकायची, त्याने झेलायची. नको असली तरी नाही म्हणायचं नाही, कानावर खोचून ठेवायची. मामा एका संध्याकाळी दोन्ही कानांवर दोन-दोन घेऊन बोटीवर परतले होते. लग्नात तर नवरी पाहुण्यांपुढे जाऊन एकेकाची सिगारेट पेटवून देते, आणि चेष्टेखोर पाहुणे काडी फुंकून विझवतात, पुन्हा पेटवायला लावतात.

"म्हणजे आपला पंगतीतला आग्रहच," मी म्हटलं.

"अरे आग्रहच. मी बोटीवर चढलो तेव्हा ओढत नव्हतो. पहिल्या महिन्यात चीफने पुढे केली, नाही कसं म्हणायचं? मग चीनमध्ये, तुर्कस्तानात, सगळीकडे कुणी ना कुणी पुढे करतच राहिलं. मी स्वतःहून विकत घेतलेली पहिली सिगारेट चौथ्या वर्षी असेल." थांबून श्वास घेतला. "वाईट माणसाने दिलेली एकही आठवत नाही. सगळी चांगलीच माणसं होती."

त्यावर अमेय काही बोलला नाही, मीही नाही. निपाणीच्या आमच्या ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकापुढे वडील चंची सरकवायचे. पोस्टमन, सोयरे, कर्ज मागायला आलेला आणि वसूल करायला आलेला, सगळ्यांपुढे.

गोल प्लास्टिकची एक डबी यादीत घ्यायची राहिली, कारण ती ट्रंकेत नव्हतीच, मामांच्या उशाशी होती. स्वीडनची, स्नूसची. ओलसर तंबाखूची चहाच्या पुरचुंडीसारखी पिटुकली पिशवी तिकडची माणसं वरच्या ओठाखाली ठेवतात, थुंकत नाहीत. युरोपीय संघात स्नूस विकायला बंदी आहे. स्वीडन १९९५ साली संघात शिरला तो ही एक सूट मागून घेऊनच. डबीच्या झाकणात आणखी एक उथळ झाकण असतं, चघळून झालेली पिशवी त्यात टाकायची, कचरापेटी दिसेपर्यंत. आमच्या एसटी स्टँडच्या भिंती आठवून मी त्या झाकणाकडे बराच वेळ बघत होतो. मामा खालच्या भागात सकाळच्या गोळ्या ठेवतात, वरच्या झाकणात रात्रीच्या.

पाचवा दिवस, बुधवार

मामांकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची आई भवानी पेठेत विड्या वळते, हे मला सोमवारीच कळलं होतं. संध्याकाळच्या गाडीआधी जाऊन आलो. निपाणीचा आहे म्हटल्यावर आजींनी आधी मलाच तपासलं. सुपातली चिमूट माझ्या तळहातावर टाकली.

"सांग, तुमची का गुजरातची?"

हुंगून म्हटलं, "मिसळ आहे."

"बस," म्हणाल्या. पास झालो.

मांडीवर सूप. त्यात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचा आयताकृती तुकडा पानावर ठेवून कातरीने सर्रकन कडा कापायच्या, शिरा टाळून. चिमूटभर तंबाखू आडवी पसरायची, एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी. दोन्ही अंगठ्यांनी गुंडाळी, रुंद तोंडाचं पान नखाने आत दुमडायचं, बारीक टोकाला दोऱ्याचे दोन वेढे, दोरा तोडला की पुढची. मी मनातल्या मनात मोजत होतो, पाचवर आलो की एक तयार. डोळे सुपात नव्हतेच, समोर ट्रंकेवर उभ्या केलेल्या मोबाइलवर होते. तेलुगू मालिका चालली होती. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. बोलता बोलता दर मिनिटाला खोकत होत्या, तो खकाण्याचा खोकला मी लहानपणापासून ओळखतो.

मी त्यांना क्युबाची गोष्ट सांगितली. मामा हवानात एक चिरूटांचा कारखाना बघून आले होते. लांबच लांब बाकांवर माणसं पानं वळत बसलेली, आणि समोर उंच चौथऱ्यावर एक माणूस मोठ्याने वाचत होता. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. ही प्रथा १८६५ साली सुरू झाली, वाचणाऱ्याचा पगार कामगार आपल्या खिशातून वर्गणी काढून द्यायचे. पुढच्याच वर्षी सरकारने ती बंद पाडली, कामगार शहाणे होतात म्हणून. पुन्हा सुरू झाली आणि टिकली. काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो ही कादंबरी कामगारांना इतकी आवडली, की त्यावरून माँतेक्रिस्तो हे चिरुटाचं नाव पडलं असं सांगतात. लांब कशाला, केरळात कन्नूरला दिनेश बीडी नावाची कामगारांची सहकारी संस्था १९६९ साली निघाली, तिथेही विड्या वळताना एक जण पेपर वाचून दाखवायचा, त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे.

आजींनी मालिकेचा आवाज कमी केला. "आमच्या कारखान्यात होती की एक. वाचायची नाही, सांगायची. कुणाची सून पळाली, कुणाच्या नवऱ्याने दागिने विकले. तिच्या वाटच्या शंभर-दोनशे आम्ही वळायचो. मग माल घरी न्यायची पद्धत आली, तेव्हा ती पण गेली आणि बोलणं पण." आवाज पुन्हा वाढवला.

तुम्ही ओढता का, असं विचारल्यावर त्यांनी कानाला हात लावले. विडी? बायकांनी? मशेरी लावते फक्त, सकाळ-संध्याकाळ, दातांसाठी. मशेरी म्हणजे भाजून कोळशासारखी केलेली तंबाखूच, हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण वळून टाकलेल्या आठशे विड्यांच्या ढिगापुढे बसून मी ते कुठल्या तोंडाने सांगणार? मग त्यांनीच मला एक चकित करणारी गोष्ट सांगितली. आंध्रात समुद्रकाठी, श्रीकाकुळमच्या बाजूला, बायका चुट्टा, म्हणजे तिकडचा चिरूट, उलटा ओढतात. पेटतं टोक तोंडात, ओठ मिटलेले, धूर बाहेरच्या टोकाने. वाऱ्यात विझत नाही, हात मोकळे राहतात, आणि दुरून बघणाऱ्याला कळतही नाही. (तोंडाच्या टाळूचं त्याने फार वाईट होतं, ते मी डॉक्टरांच्या भिंतीवरच्या चित्रात पाहिलंय.)

नारायण पेठेत परत आलो तेव्हा वाटणी झाली होती. किसेरू अमेयला. लवंगी डबा काकूंना, कारण त्यांना वास आवडला. तडा गेलेला हुक्का मी आग्रहाने मागून घेतला. मामांनी तळातून एक मळकी, नाडीची कापडी चंची काढली आणि तिच्यातून पितळी चुनाळू. झाकणावर माझ्या वडिलांच्या नावाची अक्षरं, सोनाराकडून कोरलेली.

"१९६६ला बोटीवर निघालो तेव्हा तुझ्या वडिलांनी मुंबईच्या धक्क्यावर दिला. म्हणाले, परदेशात चुना कुठे मिळतो." मामांनी आयुष्यात तंबाखू कधी मळली नाही. तरी एकतीस वर्षं तो खिशात होता. इस्तंबूलला एका तुर्की खलाशाने हौसेने बोटभर चुना काढून थेट जिभेवर ठेवला आणि दोन दिवस त्याला जेवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच मामांना नळी टेबलावर कशी ठेवायची ते शिकवलं.

ट्रंकेचं 'तुलाच कळेल' ते हे होतं, आणि ते त्यांनी पाच दिवस तळाशी ठेवलं होतं.

स्वारगेटहून गाडी सुटायला अर्धा तास उशीर. खिडकीला बसलो, चुनाळू शर्टाच्या खिशात, हुक्का मांडीवर. शिरवळच्या आसपास शेजारच्या धोतरवाल्या म्हाताऱ्याने तळहातावर तंबाखू घेतली, खिसे चाचपले, आणि माझ्याकडे बघितलं.

"पाव्हणं, चुना?"

मी खिशात हात घातला. झाकण घट्ट बसलेलं, नखाने उचकटावं लागलं. आत चुना वाळून पांढरा दगड झालेला, मध्ये तडे.

"हा काही कामाचा नाही, आजोबा. लई जुना आहे."

त्याने डबी माझ्या हातातून घेतली, दिव्याखाली तिरकी धरून बघितली, आणि परत माझ्यापुढे केली.

"चुना कवा शिळा होतो व्हय? पाण्याचं दोन थेंब सोडा की."

मी बाटलीचं झाकण काढलं.